घरट्याचा पत्ता आणि छंदाचं दार
(सोलापूर येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय तुमचाच आहे. तुमचे कार्यवाह फोनवर म्हणाले, "आमच्या गटात वर्षभर एकच भांडण चाललंय, त्यावरच बोला." भांडण असं, की पक्षी बघणाऱ्यांचा मोबाईलवरचा हा गट सगळ्यांना खुला करावा की आहेत तेवढ्याच माणसांत ठेवावा. एक बाजू म्हणते, गर्दी आली की पक्षी गेला. दुसरी म्हणते, लोकांना काही कळलंच नाही तर उद्या पक्ष्याच्या बाजूने उभं कोण राहणार? हे भांडण फक्त सोलापूरचं नाही. दुर्बीण घेतलेली चार माणसं जमली की पाचव्याला घ्यायचं की नाही, यावर त्यांच्यात दोन तट पडतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपला छंद बंद आहे ही समजूतच मला मान्य नाही. ज्याच्याकडे काही लाखांची लेन्स आहे त्याच्यासाठी आपलं दार केव्हाच उघडलंय. बंद राहिलंय ते ज्याच्या बांधावर पक्षी अंडी घालतो त्याच्यासाठी. त्यामुळे दार उघडावं का, हा वाद घालण्याआधी ते आजवर कोणासाठी उघडत आलं, हे बघायला हवं.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? तुमच्यातले कितीतरी त्यांचे विद्यार्थी. त्यांच्या वह्या मात्र मला काल पाहायला मिळाल्या. तळ्यावर कोणते पक्षी, किती, वारा कुठला, सोबत कोणती पोरं, सगळं मराठीत, शाईच्या पेनाने. त्या वह्यांकडे मी शेवटी येईन.

आधी थोडा इतिहास. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली सुरू झाली. भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले. त्यांत भारतीय दोन : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. बाकीचे साहेबलोक, बहुतेक शिकारीचा आणि नमुने गोळा करण्याचा नाद असलेले. पुढे सोसायटीला जागा मिळाली ती फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या दुकानात. कातडी, शिंगं, पेंढा भरलेले पक्षी आणि शेजारी वाइनच्या बाटल्या. याहून बंदिस्त वर्तुळ कोणतं असणार?

आणि तरी, 1908 च्या सुमारास, छर्‍याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी रुमालात घेऊन एक मुंबईकर मुलगा त्याच सोसायटीत गेला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता, आणि ती कोणती हे त्याला कळत नव्हतं. मिलार्ड नावाचे मानद सचिव तिथे होते. त्यांनी मुलाला हाकलून दिलं नाही. कपाटाचे खण ओढून ओढून त्याला पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक 1941 साली आलं आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पहिली दुर्बीण त्या पुस्तकामुळे आली. ही गोष्ट आपण भक्तिभावाने सांगतो. मला मात्र त्यात एक अडचण दिसते. तो मुलगा तय्यबजींच्या घरात वाढलेला, मामाची ओळखीची चिठ्ठी खिशात. त्याच वर्षी रुमालात चिमणी घेऊन खानदेशातला एखादा भिल्ल मुलगा त्या दारात उभा राहिला असता तर? मिलार्ड भला माणूस होता, कदाचित त्यालाही खण दाखवले असते. पण तो मुलगा त्या दारापर्यंत पोचलाच नसता.

खानदेश म्हटलं की रानपिंगळा आलाच. आपल्या राज्यातल्या पक्ष्यांच्या गोष्टींत याहून सुरस गोष्ट मला माहीत नाही. 1873 मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे डेव्हिडसन या खानदेशात नेमणुकीवर असलेल्या सनदी अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागात काही नमुने मिळवले. 1884 नंतर मात्र पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी. सालिम अली आणि रिप्ली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनी शोधूनही तो सापडला नाही.

मधे एक नोंद होती, 1914 ची, गुजरातेत तापीकाठच्या मांडवीची. नोंद करणारे कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन. लष्करातलं मोठं नाव, पक्षिविद्येतलं त्याहून मोठं. त्यांचा हजारो कातड्यांचा संग्रह लंडनच्या संग्रहालयाने मानाने ठेवून घेतलेला. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक त्या संग्रहातली कातडी एकेक करून तपासू लागल्या आणि भलतंच निघालं. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून दुसऱ्यांचे नमुने चोरले होते, ते पुन्हा भरून शिवले होते आणि त्यांवर आपल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. मांडवीचा रानपिंगळा हा डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेलाच निघाला. म्हणजे 1914 ची नोंद खोटी, आणि गुजरातेकडे बोट दाखवणारी खूणही खोटी. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर 1997 मध्ये जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून हिंडले, आणि शहाद्याजवळ भर दिवसा, उघड्या फांदीवर, रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी.

या गोष्टीतला शोध सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते चोरीला मिळालेलं अभय. माइनर्टझागेनबद्दल जाणकारांत कुजबुज कित्येक वर्षं होती. संग्रहालयाने एकदा त्यांना पक्षिविभागात यायला बंदीही केली होती. पण वर्तुळ लहान, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, आणि कर्नलसाहेबांच्या शब्दावर शंका घेणं असभ्यपणाचं. बंद कपाटातली कातडी तपासायला कोणी बाहेरचा येत नाही, तोवर चिठ्ठीवर लिहिलंय तेच खरं. गट लहान असला की माहिती शुद्ध राहते, असं आपल्यातले जुने लोक म्हणतात. त्यांना मी कर्नलसाहेबांची आठवण करून देतो. आणि दुसरं : पक्षी दिवसा हिंडणारा, झाडाच्या शेंड्यावर बसणारा, आवाज करणारा. शहाद्याच्या रानात गुरं चारणाऱ्यांना तो एकशे तेरा वर्षांत दिसलाच नसेल, हे मला पटत नाही. आपल्याला तो 'हरवला' होता, कारण त्यांना विचारण्याची आपली पद्धत नव्हती.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते मी हलक्यात घेत नाही. जून उजाडला की कोकणात तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा देह, त्यात निळा, जांभळा, केशरी, पिवळा एवढे रंग भरलेले. आपल्यातली फोटोवाली मंडळी त्याला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लाडाने 'ओडीकेएफ' म्हणतात. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो बीळ कोरून अंडी घालतो. दरड बुटकी, माणसाच्या कमरेएवढीसुद्धा नसते कधी कधी. पिल्लं झाली की नर-मादी दिवसभर पाली, बेडकुळ्या, कोळी आणत राहतात. बिळापासून दहा-बारा फुटांवर आठ तिपाया लागल्या की काय होतं? पक्षी चोचीत पाल धरून जवळच्या फांदीवर बसून राहतो. आत जात नाही. कॅमेरे खडखडत राहतात, कारण 'चोचीत पाल' हाच तर हवा असलेला फोटो! तिकडे बिळात पिल्लं उपाशी. फांदी मधे येते म्हणून छाटलेली, त्यामुळे बिळाचं तोंड उघडं पडलेलं, आणि माणसांच्या वासाची पायवाट मुंगसाला थेट दारापर्यंत नेणारी. वर कोणीतरी मोबाईलवर त्याच्याच जातीचा आवाज लावतो. पक्ष्याला वाटतं हद्दीत दुसरा आला, आणि घासाचा वेळ तो भांडणात घालवतो.

हे करणारे कोण? इथे गट बंद ठेवा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ओढ्यावर जमलेले ते आठ जण कुठल्या खुल्या बाजारातून आलेले नसतात. ते आपल्याच गटांतले असतात. गटात कोणी फोटो टाकतो, खाली 'लोकेशन प्लीज'च्या विनंत्या येतात, टाकणारा गंभीरपणे लिहितो, "पक्ष्याच्या हितासाठी जागा सांगणार नाही." आणि मग रात्री एकेकाला खासगीत पत्ता जातो. मित्राला, साहेबाला, पुढच्या सहलीत उपयोगी पडेल अशाला. काही ठिकाणी पैसे घेऊन. गुपित पक्ष्याच्या नावाने राखलं जातं आणि चलनात येतं ते मात्र आपल्या. सगळेच असे नाहीत, हे मला माहीत आहे; पण असे किती आहेत, ते तुम्हालाही माहीत आहे. 2014 मध्ये रानपिंगळा तानशाच्या जंगलात सापडला, मुंबईच्या अगदी उशाला. अशी बातमी गटात आल्यावर कोण गाड्या काढतो, ते मी इथे सांगायला नको.

स्कॉटलंडमधला एक प्रसंग मला या वादात फार उपयोगी वाटतो. ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी. हिवाळ्यात तुमच्या उजनीवरही येतो. अंडी चोरणाऱ्या शौकिनांनी आणि शिकाऱ्यांनी ब्रिटनमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची वीण संपवली होती. 1954 साली एक जोडी स्कॉटलंडमध्ये लॉख गार्टनजवळ परत आली. तिथल्या पक्षिसंरक्षण संस्थेने जागा अगदी गुप्त ठेवली, पहारे बसवले. तरी 1958 मध्ये रात्रीच्या अंधारात एका चोराने घरटं लुटलं, आणि वर कोंबडीची अंडी बुटाच्या पॉलिशने रंगवून तिथे ठेवून गेला. गुपित ज्याच्यापासून राखायचं, त्यालाच ते आधी कळलं होतं. पुढच्या वर्षी त्या संस्थेचे जॉर्ज वॉटरस्टन यांनी उलटा निर्णय घेतला : जागा जाहीर करायची. दूर, ठरावीक अंतरावर आडोसा बांधला, त्यात दुर्बिणी लावल्या, झाडाच्या बुंध्याला काटेरी तारा, चोवीस तास पहारा, आणि लोकांना आमंत्रण. त्या एका उन्हाळ्यात सुमारे 14,000 माणसं आली. तीन पिल्लं उडाली. आज ब्रिटनमध्ये ऑस्प्रेच्या शेकडो जोड्या आहेत.

खुलेपणाच्या बाजूचे लोक हा दाखला देतात आणि अंतराची गोष्ट गाळतात. त्या 14,000 पैकी एकालाही झाडाखाली जाता आलं नाही. बघणं सगळ्यांना खुलं होतं, जवळ जाणं कोणालाच नव्हतं. वॉटरस्टनसुद्धा तिथे पाहुणेच. आपल्याकडे नेमकं उलट असतं : बहुतेकांना काही कळू द्यायचं नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनी बिळाच्या तोंडाशी बसायचं.

सोलापुरात उभं राहून माळढोकाचं नाव घेतलं नाही तर पाप लागेल. नान्नजचं अभयारण्य 1979 सालचं. कागदावर त्याचं क्षेत्र होतं 8,496 चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांचे तालुकेच्या तालुके त्यात. शेतं, घरं, बाजारपेठा सगळ्यांवर अभयारण्याची रेघ. जमिनीच्या व्यवहाराला आडकाठी, रस्त्याला आडकाठी, विहिरीला आडकाठी. पुढे ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. पण मधल्या तीस वर्षांत या पक्ष्याचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी, एवढं मात्र साधलं. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या माळावर, जमिनीवर. त्या अंड्याची राखण कुंपणाने होत नाही. ती होते गुराख्याने पाय बाजूला टाकण्याने. कुत्री, विजेच्या तारा, उसाखाली गेलेले माळ ही कारणं आहेतच, ती मी नाकारत नाही. पण तो पक्षी कोणाचा, हे ठरवताना माळावरच्या माणसाला कोणी विचारलं नाही. आज तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

उलट चित्र बघायचं तर इथून पुण्याच्या वाटेवर थांबा. उजनीचं पाणी 1980 च्या सुमारास साठलं आणि गावंच्या गावं उठली. त्याच पाण्यावर हिवाळ्यात रोहित येऊ लागले, आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या मासेमारी करणाऱ्या पोरांनी नावा वळवल्या. आज त्यांच्यातला एखादा वल्हं मारता मारता तुम्हाला पेरेग्रीन आणि मार्श हॅरियर यांतला फरक सांगतो, आणि तो बरोबर असतो. पुस्तक नावेतल्या पिशवीत. मासा कमी झाला, दिवस फिरले, पण पक्षी आहेत तोवर हिवाळ्याची कमाई आहे, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. नाव थव्यात घुसते, रोहित उडतात, ही तक्रार खरी आहे. मीही केली आहे. पण नावेत बसून ऐका कधी. "अजून थोडं जवळ घे, उडव की जरा" हा आवाज वल्ह्याकडून येत नाही, लेन्सकडून येतो.

नागालँडमधल्या दोयांग जलाशयाची हकिकत तुम्ही ऐकलेली असेल. 2012 मध्ये अमूर ससाणे तिथे मासेमारीच्या जाळ्यांत हजारोंनी मारले जात होते. निसर्गसंवर्धक बानो हारालू आणि त्यांच्या साथीदारांनी ते जगापुढे आणलं, पण तिथेच न थांबता गावांशी, चर्चशी, जाळीवाल्यांशी बोलणी केली. पुढच्याच हंगामात शिकार थांबली. त्या वर्षी तीन ससाण्यांना उपग्रहाची यंत्रं लावली, त्यांतल्या एकाचं नाव पांगती. ते गावाचं नाव. पुढे ते पांगतीकर आपल्या ससाण्याची खबर विचारत राहिले. अमूर ससाणे लोणावळ्याच्या पठारावरही उतरतात नोव्हेंबर-डिसेंबरात. तिथे आपण त्यांच्या स्वागताला गाड्यांची रांग लावतो.

मग गटाचं काय करायचं? माझा सल्ला साधा आहे. माणसं घ्या, मनापासून घ्या. विणीच्या काळातलं घरटं मात्र गटात येऊच देऊ नका, जुन्या सभासदाचंही नाही, अध्यक्षाचंही नाही. फोटोही नको, पत्ताही नको, खासगी निरोपही नको. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जरूर करा. शिकारीचा किंवा त्रासाचा धोका असलेल्या जातींची नेमकी जागा तिथे झाकलीच जाते. बाकीच्या साध्या पक्ष्यांच्या नोंदी मोकळेपणाने टाका, कारण खरं काम तिथेच होतं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा 2023 चा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी माणसांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. 942 जातींचा हिशेब त्यात मांडलाय. असं काम बंद कपाटातून झालं नसतं. चिमणी नामशेष होतेय असं आपण दरवर्षी मार्चमध्ये रडतो. याच प्रकल्पाच्या 2020 च्या अहवालाने दाखवलं, की मोठ्या शहरांत ती घटलीय पण देशभर मिळून पाहता तिची संख्या साधारण टिकून आहे. हे कळलं ते कुणाच्या लाइफरांच्या, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या जातींच्या, यादीमुळे नाही, रोज अंगणातली चिमणी मोजणाऱ्या कंटाळवाण्या माणसांमुळे.

आणि गटाची भाषा. मराठी माणसांचा गट, चर्चा मात्र अशी की इंग्रजी नाव आलं नाही तर आत पाऊल टाकायची सोय नाही. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून रानात राहिले तेव्हा त्यांनी नवेगावच्या माधवराव डोंगरवारांकडून, गोंडांकडून, पारध्यांकडून पक्षी शिकून घेतले आणि पक्षिकोश मराठीत लिहिला. अकोला-वाशिमकडे तणमोराच्या कामात फासेपारधी सोबतीला आले. तणमोर कुठल्या गवतात उडी मारतो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, कारण त्यांनी तो धरलेला. हे लोक तुमच्या गटात आज आहेत का? किती? मी कार्यवाहांना हे विचारलं तेव्हा ते जरा थांबले.

आता सरांच्या वह्या. त्या कपाटात ठेवल्यात, आदराने, प्लास्टिकमध्ये. जुन्या नोंदी ई-बर्डवर तारखेनिशी भरता येतात. चार पोरं बसवा, नावं लावायला एखादा जाणता बसवा, आणि त्या वर्षांतलं सोलापूरचं तळं सगळ्यांसाठी खुलं करा. काही ओळखी चुकलेल्या निघतील. निघू द्यात. तपासणारे तिथे आहेत, आणि सरांना तपासलेलं चाललं असतं, हे त्यांच्या लाल शाईच्या खोडाखोडीवरून दिसतंच.

शेवटी पाहुणा म्हणून एक आगाऊपणा करतो. पुढच्या वर्षी या जागी माझ्यासारखा कोणी पुण्याचा माणूस बोलावू नका. कुंभारगावच्या एखाद्या नावाड्याला बोलवा. विषय त्यालाच ठरवू द्या. मानधन मला दिलंत तेवढंच द्या, वर येण्याजाण्याचा खर्च. फक्त व्याख्यानमाला डिसेंबर-जानेवारीत ठेवू नका. तेव्हा त्याचा हंगाम असतो आणि तुमच्यासाठी तो दिवस बुडवणार नाही. जुलै-ऑगस्ट बरा.